मक्याला हवा लागली

सासूबाईंनी पिंपांची झाकणं उघडली, ती निव्वळ चांगल्या मनाने.

जावयाची डुकरांची शेड होती. नुकतंच आईचं दूध तुटलेली पिलं टाहो फोडत होती आणि खाण्याला तोंड लावत नव्हती. त्यातच लेकीची कंबर धरली, म्हणून सासूबाई मदतीला आल्या होत्या. शेड झाडताना त्यांना कोपऱ्यात निळी पिंपं दिसली. आत डुकरांसाठी ओलाच भरडलेला मका दाबून, हवाबंद करून मुरवलेला. एक झाकण किलकिलं करताच त्यांनी नाक दाबलं.

"अगं बाई, सगळा आंबलाय की!"

आणि त्यांनी एकूणएक पिंप उघडं टाकलं.

जावई बाजारातून आला आणि पिशवी टाकून थेट पिंपांकडे धावला. मुरलेल्या मक्याला हवा लागली की तो तापतो, मग बुरशी धरतो. एक पिंप संपल्याशिवाय तो दुसऱ्याला हात लावत नसे.

"वास गेला ना जरा?" सासूबाईंनी कौतुकाने विचारलं.

"गेला ना, आई! बरं केलंत," जावई म्हणाला. सासूला दुखवायचं कसं?

इथेच घात झाला. शाबासकी मिळाल्यावर सासूबाईंना हुरूप आला. त्या फावडं घेऊन मका खालीवर करू लागल्या. त्यांची पाठ वळली की जावई तो पुन्हा दाबायचा, वर प्लास्टिक घालायचा. त्या येऊन प्लास्टिक काढायच्या.

"तू दाबतोस, ती उकरते," बायको अंथरुणातून म्हणाली. "मका आहे की गादीतला कापूस? सांगून टाक ना तिला!"

"तूच सांग. आई तुझी आहे."

"झाकणं तुझी आहेत."

दुसऱ्या दिवशी पिंपांतून वाफ निघू लागली. सासूबाई हरखल्या. "पिलांना गरमागरम मिळेल!" म्हणत त्या बादली भरून निघाल्या.

"आई, नको!" जावई ओरडला. "बिघडलाय तो! पोटं बिघडतील पिलांची! झाकणं उघडायचीच नव्हती!"

सासूबाईंनी बादली खाली ठेवली.

"मग बरं केलंत कशाला म्हणालात?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि एवढा मका वाया गेला, त्याचं मला बरं वाटणार होतं?"

दोघांनी मिळून वरचा तापलेला थर काढून फेकला. खाली मका थंड होता, आंबूस वासाचा, चांगला. सासूबाईंनी स्वतः बुक्क्या मारून तो दाबला. त्यांतल्या काही जावयासाठी असाव्यात. मग एका पिंपातला थोडा मका कोरड्या खाद्यात कालवून त्या पिलांपुढे बसल्या. भरलेली बोटं त्यांनी सगळ्यांत किरकोळ पिलापुढे धरली. पिलाने हुंगलं, चाटलं, आणि थेट ताटलीत तोंड घातलं. बाकीची एकमेकांना तुडवत धावली. टाहो थांबला, मचमच सुरू झाली.

"खातायत हो!" सासूबाईंचे डोळे भरून आले. "जावईबापू, यापुढे आपल्या घरात जे असेल ते तोंडावर बोलायचं. कबूल?"

"कबूल," जावई म्हणाला. त्याला अगदी हलकं वाटलं.

चार दिवसांत बायको पुन्हा हिंडू-फिरू लागली. रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, "भाजी कशी झालीय?"

जावयाने घास गिळला आणि छातीठोकपणे सांगितलं, "आई, खारट आहे. तोंडात घालवत नाही."

सासूबाई खूश झाल्या. "शाब्बास! असं बोलावं माणसाने."

पलीकडून बायको शांतपणे म्हणाली, "भाजी मी केलीय."