परबकाकांचा राउटर

राउटर नारळासारखा कानाशी धरून हलवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. लालबागच्या भर दुकानात. दुकानदाराचं उघडलेलं तोंड बराच वेळ मिटलं नाही.

हे आमचे परबकाका. चिंचपोकळीच्या चाळीत आम्ही तीन कॉलेजची पोरं भाड्याने राहतो, त्या खोलीचे मालक आणि शेजारीही. काकी गेल्यापासून एकटेच. आम्ही नेट घ्यायचं ठरवल्यावर न बोलावता बरोबर आले. आमच्यातल्या निखिलने आठवडाभर व्हिडिओ बघून चार अँटेनांचा राउटर हेरला होता. काकांनी तो हलवला आणि परत ठेवला.

"पोकळ आसा रे ह्यां!"

मग फळीवरचे सगळे हलवून त्यांनी सगळ्यात जड निवडला. अँटेना दोनच! निखिल रडायच्या बेतात.

"काका, वजनाचा काय संबंध?" मी विचारलं.

"हलकी वस्तू वाऱ्यान उडता." हा त्यांचा मंत्र. पंख्यापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना लागू. मालकापुढे बोलणार कोण? तोच घेतला.

खरा धक्का घरी बसला. "ह्यो माझ्याकडे ऱ्हवतलो," म्हणत काकांनी राउटर आपल्याच खोलीत, देव्हाऱ्याशेजारी मांडला. हळदकुंकू लावलं, वर जास्वंद ठेवली. मध्ये एकच भिंत तर आहे, म्हणे! स्वतःचा फोन बटणांचा, आणि राउटर यांच्याकडे?

त्यात नेट रोज संध्याकाळी जायचं. आम्ही तणतणत काकांकडे.

"इलात? बसा. तापलो तो. जरा निवांदे."

तो निवेपर्यंत चहा, दातांची परीक्षा बघणारे मालवणी खटखटे लाडू आणि बोलणी. "दार लोटून काय बसतास? चाळीत दार लोटतत ता भांडान झाल्यार!"

एका संध्याकाळी माझी ऑनलाइन मुलाखत होती. पहिली नोकरी मिळायची वेळ, आणि नेट गेलं. मी अनवाणी धावलो. काकांचं दार नेहमीसारखं सताड उघडं. काका राउटरच्या बटणावर बोट ठेवून उभे. शेजारी चार कप मांडलेले, गॅसवर चहा उकळत होता.

मी जागच्या जागी खिळलो. म्हणजे हा माणूस रोज नेट स्वतःच बंद करतो?

काकांनी माझ्याकडे न बघता बटण परत दाबलं, दिवे लागले. "जा," एवढंच म्हणाले.

मुलाखत झाली. दुसऱ्या दिवसापासून नेट गेलंच नाही. निखिल खूश होता. मला मात्र संध्याकाळ झाली की काही सुचेना. भिंतीपलीकडे कपाचाही आवाज नव्हता. शेवटी दोघांना सगळं सांगितलं आणि तिघेही काकांच्या दारात जाऊन उभे राहिलो.

"काका, नेट गेलंय."

काकांनी राउटरकडे पाहिलं. सगळे हिरवे दिवे लखलखत होते. मग आमच्याकडे पाहिलं.

"गेलाच आसतला," ते म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला उठले.