शीतगृहातली पाणीपाळी

पाणी सर्वांचं असतं आणि आग ज्याची त्याची असते. हे तत्त्व ज्याला कळलं, त्याला सहकार कळला. आमच्या ओतूरच्या शीतगृह संस्थेला ते २००३ साली कळलं आणि त्याचा लेखी पुरावा दप्तरात आहे. (कडा थोड्या करपल्या आहेत, पण वाचता येतो.)

त्या वर्षी विमावाल्यांनी कळवलं की द्राक्षांच्या थंड खोलीत आणि मटारच्या फ्रीझरमध्ये आग विझवायचे स्प्रिंकलर बसवा. बर्फात आग लागते हे ऐकून संचालक मंडळ आधी हसलं आणि मग रीतीप्रमाणे सात जणांची निवड समिती नेमून मोकळं झालं. समितीने फ्रीझरमध्ये उभं राहून अकरा मिनिटं अभ्यास केला. (पैकी नऊ मिनिटं दार आतून कसं उघडायचं, या विषयावर गेली.)

हार्डवेअरवाल्या मांगीलाल शेठचा कल्पेश हेडचे, म्हणजे स्प्रिंकलरच्या तोट्यांचे, नमुने घेऊन आला.

"साधं हेड इथं चालणार नाय," तो म्हणाला. "पाइपात पाणी राहिलं तर गोठून पाइपच फुटंल. हे कोरडं हेड घ्या. पाणी खोलीच्या बाहेरच थांबतं."

"कोरड्या तोट्या गावात लई हायेत," अध्यक्ष हौशीरामभाऊ म्हणाले. "ग्रामपंचायत फुकट दील."

मग कल्पेशने हेडमधली लाल काचेची कुपी दाखवली. अडुसष्ट अंशाला ती फुटते आणि जिथे आग, तेवढ्याच हेडमधून पाणी पडतं.

सभा गंभीर झाली. आमच्या २१२ सभासदांपैकी २०९ जण कालव्याच्या पाण्यावरून भांडलेले आहेत. उरलेले तिघे कालव्यावर नोकरीला आहेत.

"म्हंजी ज्याचं पेटलं त्यालाच पाणी?" हौशीरामभाऊंनी विचारलं. "अन् बाकीच्यांनी काय पाप केलं?"

"बाकीच्यांचं पेटलेलं नसतं, काका."

"न्हाई पेटलं म्हून हक्क बुडवायचा व्हय?"

थंड खोलीतल्या पाचव्या रांगेत माल ठेवणाऱ्या कुशाबाई तेवढ्या उठल्या. "माझ्या तीनशे पेट्या द्राक्षं हायेत. वर्साचं पीक हाय ते. माझ्याकडं पेटलं तर पाणी माझ्याकडं पडू द्या, एवढंच म्हणणं हाय."

हे म्हणणं स्वार्थी ठरलं. इतिवृत्तात तसं नमूद आहे. लिहिणारा मीच, संस्थेचा सचिव.

समितीने एकमताने बिनकुपीची, उघडी हेड निवडली. प्रत्येक रांगेला बाहेरून स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि कालव्यासारखी पाणीपाळी: सोमवारी पहिली रांग, मंगळवारी दुसरी, असं शनिवारपर्यंत. रविवारी सुट्टी (आगीलाही). शिवाय प्रत्येक सभासदाने कालव्याच्या पाण्यासाठी भरतात तोच नमुना नंबर सात भरून 'पेटणारं अपेक्षित क्षेत्र' हंगामाआधी कळवायचं. इतकी न्याय्य व्यवस्था मी उभ्या जुन्नर तालुक्यात पाहिली नाही.

पुढच्या मार्चात, एका मंगळवारी, पंख्याची मोटर पेटली आणि ठिणग्या पाचव्या रांगेतल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांवर पडल्या. कुशाबाई धावत आल्या. पण मंगळवार दुसऱ्या रांगेचा, म्हणजे खुद्द हौशीरामभाऊंचा.

"भाऊ, आजची पाळी मला द्या. माझी शुक्रवारची तुमी घ्या."

भाऊंना दया आली. खरंच आली, मी समोर होतो. "दिली असती गं," ते म्हणाले, "पर एकदा पाळी सोडली की हक्क जातो. अन् शुक्रवारी माझ्याकडं न्हाई पेटलं तर?"

मी नियमाप्रमाणे दुसऱ्या रांगेचा व्हॉल्व्ह सोडला. दोन तास पाणी चाललं. पाचव्या रांगेत जळण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा आग आपणहून विझली. भाऊंची द्राक्षं भिजून नासली, पण हक्क शाबूत राहिला.

चौकशी अहवाल समाधानकारक आहे. पाणीवाटप शंभर टक्के, पाणीचोरी शून्य, तक्रार एक. पाचवा व्हॉल्व्ह माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता, हे त्यात नाही. मला लाज वाटली होती, पण तिच्यासाठी रकाना नव्हता.

तुम्ही हसला असाल. हसा. फक्त एवढं आठवून बघा: शेजाऱ्याचं छप्पर पेटलं की बादली घेऊन आपण आधी कुणाच्या छपरावर चढतो? उत्तर मोठ्याने सांगू नका, नमुना नंबर सातवर लिहा. कुशाबाईंनी त्यांचा कोराच परत केला आहे. तो तुमच्या नावाने ठेवला आहे.