हात थांबवायचा नाही

सोनाजी खिल्लारे औरंगाबादला निघाला होता तो निव्वळ झोपायला. हिंगोलीच्या बसस्थानकावर कर्ण्यावरून गाड्या पुकारायचं त्याचं काम. परभणी, वाशीम, नांदेड असं दिवसभर ओरडून घरी आलं, तरी कानात गाड्या फिरतच राहायच्या. इतक्या वर्षांत कुठं नेलं नाही म्हणून बायको, रुक्माबाई, सारखी बोलून दाखवायची. दोन हजार चार साली धाकटी लेक ज्योती सासरी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा त्यानं एकदाची रजा टाकली. ठरलं असं, की रुक्माबाईनं मकबरा आणि पाणचक्की पाहायची आणि सोनाजीनं लॉजवर गप पडून राहायचं.

औरंगाबादेत उतरले, तर शहरात गाण्या-नाचाचा मोठा महोत्सव भरलेला. चौकाचौकात कमानी उभ्या होत्या. रिक्षातून लोक तबले पोटाशी धरून उतरत होते. चहाच्या टपरीवर पायात घुंगरू बांधलेल्या पोरी उभ्या उभ्या चहा पीत होत्या. रुक्माबाई पिशवी धरून भर चौकात थबकली.

"अहो, हे एवढं सगळं कुनासाठी?"

"ज्याला झोपायचं न्हाई त्याच्यासाठी," सोनाजी म्हणाला.

एकाही लॉजवर खोली मिळेना. जो तो मॅनेजर महोत्सवाचं नाव सांगून हात जोडायचा. शेवटी एका लॉजच्या गच्चीवरची खोली नुकतीच मोकळी झाली होती. तिथं उतरलेला कुणी वादक तापानं फणफणला म्हणून सकाळीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. मधली भिंत प्लायवूडची आहे एवढं मॅनेजरनं सांगितलं, पण सोनाजीनं तोवर चादर ओढून घेतली होती.

डोळा लागतो न लागतो, तोच भिंतीपलीकडून तारा छेडल्याचा आवाज सुरू झाला. त्यात एक म्हातारा गळा मिसळला. सोनाजीनं उशी कानावर दाबली, कूस बदलली, आणि मग तणतणत उठून शेजारचं दार वाजवलं.

आत पांढऱ्या केसांचे व्यंकटराव बसले होते. महोत्सवात त्या संध्याकाळी त्यांचंच गाणं होतं. तापानं पडला तो त्यांचा तंबोऱ्याचा साथीदार, आणि बदली माणूस पाठवतो असं आयोजकांनी कळवलेलं. सोनाजीला पाहताच बदली माणूस तो हाच, असं समजून त्यांनी, सोनाजीनं तोंड उघडायच्या आत, त्याला खाली बसवून मांडीवर तंबोरा दिला. पहिली तार मधल्या बोटानं, बाकीच्या तीन तर्जनीनं, एकामागून एक, घाई करायची नाही, एवढं दाखवलं आणि डोळे मिटून सूर लावला.

सोनाजी तक्रार करायला आला होता. पण तंबोरा छातीशी घुमला आणि त्याच्या हाडांतून काहीतरी फिरलं. म्हाताऱ्याचा सूर त्या घुमण्यात असा मिसळला, की कुठला आवाज तारेचा आणि कुठला गळ्याचा ते कळेना. आयुष्यभर त्यानं आवाज फक्त मोठा केला होता. आवाज इतका खोल जातो हे त्याला ठाऊक नव्हतं. नवरा भांडत बसला की काय म्हणून बघायला आलेली रुक्माबाई दारातच उभी राहिली. मकबरा त्या दिवशी राहिलाच.

गाणं थांबल्यावर सोनाजीनं खरं काय ते सांगून टाकलं. आपण बसस्थानकावर गाड्या पुकारतो, तंबोरा आज पहिल्यांदा हातात धरला. व्यंकटराव बराच वेळ त्याच्या बोटांकडे पाहत राहिले. आयोजकांचा माणूस काही आला नव्हता.

"तुमची लय बरोबर होती," ते म्हणाले. "संध्याकाळी तुम्हीच बसा. एकच लक्षात ठेवा, काहीही झालं तरी हात थांबवायचा नाही."

कुणाचा तरी रेशमी कुर्ता आणला गेला. तो सोनाजीच्या गुडघ्याखाली आला. मंचाच्या पायऱ्यांशी त्यानं पडद्याच्या फटीतून मैदान पाहिलं आणि तो मागं सरला. जिथवर नजर जाईल तिथवर डोकी होती.

"माझ्यानं न्हाई व्हायचं," तो कुजबुजला.

"डोळे झाका," रुक्माबाई म्हणाली. "दिसलंच न्हाई तर भ्याचं काहून?"

ती पुढं जाऊन बसली. गाणं रंगलं. सोनाजी व्यंकटरावांच्या मागं डोळे घट्ट मिटून तारा छेडत होता. आणि ऐन भरात असताना वीज गेली.

दिवे गेले, माईक गेला. तबला थांबला, पेटी थांबली, व्यंकटरावही थांबले. मैदानात गलका झाला. लोक चपला शोधत उठायला लागले. रुक्माबाईही उठली, आणि तिला ते ऐकू आलं. अंधारात एक तंबोरा चालूच होता. आवाज एवढासा, पण न चुकता, न घाबरता येत होता. पुढच्या रांगेतलं कुणी तरी 'शूऽऽ' म्हणालं. तो 'शूऽऽ' मागं मागं सरकत गेला. उठलेली माणसं चपला हातात धरून खाली बसली. एवढं मोठं मैदान, आणि श्वासाचाही आवाज नाही.

त्या तंबोऱ्याच्या आधारानं व्यंकटरावांनी पुन्हा सूर लावला. माईक नसताना तो सूर पार शेवटच्या माणसापर्यंत गेला. रुक्माबाईनं वर पाहिलं. आभाळात चांदण्या होत्या आणि तिला वाटलं, त्याही ऐकून राहिल्यात. आपण रडतोय हे तिला पदर ओला झाल्यावर कळलं.

गाणं संपलं आणि थोड्या वेळानं दिवे आले. मंचामागं ही गर्दी उसळली. कुणी सोनाजीचा हात हातात घेत होतं, कुणी पाया पडायला बघत होतं. व्यंकटराव गर्दी सारून त्याच्यापुढं आले.

"आयुष्य गेलं माझं गाण्यात," ते म्हणाले. "वीज गेली आणि मीसुद्धा थांबलो. तुमचा हात कसा थांबला नाही?"

सोनाजी झोपेतून उठल्यासारखा सगळ्यांकडे बघायला लागला.

"लाइट गेल्ती?"

व्यंकटरावांनी दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला. मग सगळे मंचामागं येऊन उभ्या राहिलेल्या रुक्माबाईकडे वळले. डोळे झाकायला आपणच सांगितलं होतं हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं पदर सारखा केला.

"त्यांचं घरीबी असंच असतंय," ती म्हणाली.