सासूबाईंचं तंतोतंत नाक

"रंग डोळ्यांनी बघायचाच नसतो, मोजायचा असतो!" हे वाक्य जावईबापू भेटेल त्याला ऐकवायचे. कुणी भेटलं नाही तर बायकोला. त्यांच्या प्रिंटिंगच्या दुकानात पाच फुटी रोलवर छापणारा प्रिंटर होता, रंग मोजायचा मीटर होता, आणि भिंती करड्या होत्या, कारण रंगीत भिंतीमुळे म्हणे नजर फसते. त्याच कारणासाठी ते रोज करडा शर्ट घालत. "दोन वर्षांपूर्वी छापलेला लाल आणि आज छापलेला लाल शेजारी ठेवा. फरक दाखवा, धंदा सोडून देतो! आपल्याकडे अंदाजपंचे दाहोदरसे नाही!" गिऱ्हाइकं माना डोलवायची.

डोलवत नसत ते एकटे सासरे. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. जावयाने चांगली नोकरी सोडून 'कागद रंगवायचा' धंदा काढला, हे सात वर्षं झाली तरी त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. छपाईचं बारीकसारीक कामही ते कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याला द्यायचे. त्यामुळे त्यांचा फोन आला तेव्हा जावईबापू खुर्चीतून उभेच राहिले.

"एसीवाल्याची शिडी आमच्या बोर्डात घुसली. मधली पट्टी फाटली. कराल का? प्रेसवाला गावाला गेलाय."

"कराल का काय बाबा, संध्याकाळपर्यंत लावतो!" फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "हे एक काम मनासारखं झालं ना, की तुझे बाबा मला माणसांत धरतील!"

"आधी होऊ दे," बायको म्हणाली.

त्या बोर्डावर पाच उभ्या पट्ट्या मिळून एक भलामोठा हसरा चेहरा होता, चष्मा लावलेला. चेहरा खुद्द सासूबाईंचा. घरात एवढा चांगला चेहरा असताना बाहेरची मॉडेल कशाला, असा सासऱ्यांचा सहा वर्षांपूर्वीचा हिशेब. आणि मधल्या पट्टीवर नेमकं सासूबाईंचं नाक आलं होतं.

बोर्डाची जुनी फाईल सासऱ्यांकडे मिळाली. मीटरने सगळे आकडे बरोबर दिले. नाक छापून झालं, लावून झालं. जावईबापू शिडीवरून उतरून रस्त्यापलीकडे गेले आणि वळून बघतात तर काय! चेहरा उकळलेल्या चहासारखा, आणि मधोमध नाक गोरंपान!

"पावडर लावायची तर सगळ्या तोंडाला लावावी माणसाने," बसस्टॉपवरचा एक जण म्हणाला.

सासूबाई बाहेर आल्या. "अगंबाई! माझं नाक एकटंच कुठे न्हाऊन आलं?"

"नाक बरोबर आहे आई, चेहरा चुकलाय!" जावईबापू बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला. "प्रेसवाला कधी परततोय, विचारतो."

"नको, नको! तीन दिवस द्या बाबा! उन्हाने जुन्या पट्ट्यांचा रंग रापलाय. मी तो रापलेला रंग मोजतो आणि डिट्टो तसंच नाक छापतो!"

गोरं नाक तिथल्या तिथे उतरवलं गेलं. मग मीटर घेऊन स्वारी पुन्हा शिडीवर! डावा गाल, उजवा गाल, हनुवटी, कपाळ, एकूण एकशे चाळीस ठिकाणी मोजमाप. खालून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी काय म्हणते, ते जरा..."

"आई, दोन मिनिटं! आकडा चुकेल!"

सासूबाई आत निघून गेल्या.

पुढचे तीन दिवस जावईबापूंनी नाकाशिवाय काही छापलं नाही. ओली शाई एक दिसायची, वाळली की दुसरीच. ट्यूबलाइटखाली जुळलेलं नाक उन्हात नेलं की हिरवट! नवा रोल चढवला तर त्याचा पांढरा रंगच वेगळा, म्हणजे सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून! दुकानात जागा संपली तशी नाकं घरी आली आणि कपड्यांच्या दोरीवर वाळू लागली.

"सात वर्षांत माझ्या आईने आपल्या संसारात एकदा नाक खुपसलं नाही," बायको म्हणाली, "आणि आता एकदम एकोणचाळीस?"

चाळिसावं जमलं! तिसऱ्या संध्याकाळी ते बोर्डावर चढलं आणि सांधा शोधूनही सापडेना. सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, दुसरा लावून पाहिलं. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जमलंय बरं का! नव्या शाखेचा बोर्डही तुम्हीच करा." जावईबापूंना अगदी भरून आलं. त्या दिवशी ते घरी चालत गेले की तरंगत, ते त्यांनाही आठवत नाही.

सकाळी नऊला सासऱ्यांचा फोन. "ताबडतोब या."

जावईबापू धावतपळत पोचले. बोर्डावरच्या सासूबाई लख्ख! गाल गुलाबी, कपाळ तुकतुकीत, आणि मधोमध नाक चहासारखं! बोर्डाखाली खऱ्या सासूबाई, एका हातात बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा मॉप, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"तुम्ही एवढं छान काम केलंत, म्हटलं आपणही जरा पुसून घ्यावं!" त्या उत्साहाने म्हणाल्या. "सहा वर्षांत कुणी फडकं मारलं नव्हतं. त्या दिवशी तेच सांगत होते, तर तुम्ही म्हणालात आकडा चुकेल. चारही पट्ट्या कशा झटक्यात स्वच्छ निघाल्या बघा! तुमचीच तेवढी निघेना. नाक घासून घासून खांदा दुखायला लागला माझा."

"पण उन्हाने रापलेला रंग..." जावईबापू पुटपुटले.

"धूळ होती ती," सासरे म्हणाले. "शिडी लावून तुम्ही धूळ मोजलीत, आणि तीन दिवस तीच छापलीत?"

"पण बाबा, तंतोतंत आली होती."

सासऱ्यांनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. "म्हणजे पहिल्या दिवशीचं ते गोरं नाक बरोबर होतं?"

"होतं की! मी तेव्हाच सांगत होतो!" जावईबापूंना एकदम धीर आला.

"मग काढलंत कशाला? स्वतःच्या कामावर स्वतःचाच भरवसा नाही, आणि म्हणे रंग मोजतो! नव्या शाखेचं राहू द्या. प्रेसवाला उद्या येतोय."

शेवटी सासूबाईंनाच दया आली. त्यांनी बादली पुढे केली. "मनावर घेऊ नका हो. आलाच आहात तर वरचा कोपरा पुसून टाका. माझा दांडा पोचत नाही तिथे."

"नीट पुसा," सासरे आत जाता जाता म्हणाले. "एक काम तरी धड होऊ दे."