कच्च्या लिंबाची पारख

एका जंगलात एक कॉलेज होतं. हसू नका, मुलांनो. जंगल दाट होतं, तरी कॉलेज होतं. ते वडाखाली भरायचं. तिथं काय शिकवतात, हे शिकणाऱ्यांनाही नीट सांगता येत नसे.

पण त्या कॉलेजचा फुटबॉलचा संघ होता. खेळापायी अभ्यास बुडाला तर तिथं कुणी रागवत नसे. प्राचार्य होते एक रानगवा. त्यांना सगळे गवेसर म्हणत. अंगानं एवढे थोर, की ते समोर उभे राहिले की मागच्यांना फळा दिसत नसे. मागच्यांची काही तक्रारही नसे.

एक दिवस निरोप आला. डोंगरापलीकडच्या मोठ्या जंगलात सिंह महाराजांचा स्वतःचा धंदेवाईक संघ होता. त्या संघाचा स्काऊट सामना बघायला येणार होता.

स्काऊट हा शब्द गवेसरांनी शाळेत ऐकला होता. त्यांनी जोरात तयारी केली. गळ्यात बांधायला रुमाल आणला. गाठी मारायला दोरी आणली. शेकोटीची लाकडं रचून ठेवली आणि माकडांना सलाम ठोकायला शिकवलं.

आला तो एक बगळा. म्हातारा होता, पंख जरा मळलेले. गळ्यात रुमाल त्यानं बांधून घेतला. मान लांब, त्यामुळे रुमाल सारखा खाली घसरत होता. पण दोरी पुढं आली तेव्हा त्यानं विचारलं, "हिचं काय करायचं?"

"गाठ मारून दाखवा," गवेसर म्हणाले. "मुलं कधीची खोळंबली आहेत."

"मी खेळाडू शोधायला आलोय, सर."

"अरेरे. कुणी हरवलाय का?"

तर असा तो बगळा. त्याचं काम सोपं होतं. एका पायावर उभं राहायचं आणि बघायचं. जन्मभर त्यानं तेच केलं होतं. त्याबद्दल त्याला महाराजांच्या तळ्यातला एक कोपरा मिळाला होता. उथळ पाणी, सकाळचं ऊन, आणि मासे आपले आपण जवळ येत. आता त्याला माशांसाठी रोज लांब उडवत नव्हतं. तो कोपरा होता म्हणून पोट होतं.

आणि तोच कोपरा आता जायला आला होता. त्याचं असं झालं.

गेल्या मोसमात बगळ्यानं एक पाणमांजर शोधून आणलं. तसं खेळणारं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. महाराज दर रविवारी संघाबरोबर थोडा वेळ खेळत. तेव्हा कसं खेळायचं असतं, हे पाणमांजराला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं महाराजांच्या पायातून चेंडू काढला आणि गोल केला. वर मागं वळून म्हणालं, "बघा, असं मारायचं."

त्यानंतर पाणमांजर दिसलं नाही. कुणी म्हणे, त्याला सोडून दिलं. सोमवारी महाराजांनी न्याहारी नको म्हणून सांगितलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

मग महाराजांनी बगळ्याला बोलावलं. "बगळोबा, तुमची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. या खेपेला माझ्या मनासारखा खेळाडू आणा. नाहीतर तो खंड्या आहेच. तरुण आहे, सूर मारतो."

खंड्या तेव्हापासून बगळ्याच्या कोपऱ्यावरच्या फांदीवर येऊन बसू लागला होता. येता-जाता विचारायचा, "काका, इथं पाणी उन्हाळ्यात आटतं का हो?"

एवढं ओझं घेऊन बगळा या कॉलेजात आला होता. त्यात आता रुमाल.

कॉलेजचेच दोन भाग करून सामना सुरू झाला. थोड्याच वेळात बगळ्याला मुंगूस दिसलं. मुंगूस चेंडूच्या मागं धावत नव्हतं. चेंडू जिथं येणार, तिथं आधीच जाऊन उभं राहत होतं. बाकी कुणाला हे दिसलं नाही. बगळ्याला दिसलं, कारण मासा जिथं येणार तिथंच तो स्वतः जन्मभर उभा राहिला होता.

त्याचं काळीज हललं. सापडलं, असं तो मनात म्हणाला.

आणि मग त्याला पाणमांजर आठवलं. हे मुंगूस तिथं गेलं, की पहिल्या रविवारी महाराजांच्या पायातून चेंडू काढणार. त्याला कितीही बजावून सांगा. चांगल्या खेळाडूला आयता आलेला चेंडू सोडताच येत नाही.

बगळ्यानं मान वळवली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत राहिला.

तिथं एक भेकर होतं. मागचा एक पाय जरा ओढत चालायचं. एवढ्यात चेंडू त्याच्याकडं गेला आणि काय झालं, सांगू? सगळं मैदान थांबलं. तरस भरधाव येत होता, तो धूळ उडवत जागच्या जागी थांबला. रानडुक्कर सकाळपासून ज्याला त्याला आडवं करत होतं, त्यानं पोट आत ओढून वाट दिली. गोलात सांबर उभं होतं. ते अदबीनं बाजूला झालं आणि शिंगं अडकू नयेत म्हणून मानही खाली घातली.

भेकर आलं लंगडत, जीभ बाहेर काढून. त्यानं चेंडू मारला. चेंडू हळूहळू गेला आणि रेषेवर दमून थांबला. सांबरानं इकडंतिकडं बघून त्याला शेपटीनं आत ढकललं.

गोल झाला. दोन्ही बाजूंचे खेळाडू ओरडून नाचले.

बगळ्यानं दुसरा पाय जमिनीवर टेकला. काम चालू असताना असं त्यानं कधी केलं नव्हतं.

मुलांनो, तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. गल्लीत खेळताना कुणाचं तरी धाकटं भावंड रडत येतं, "मलाही घ्या." मग आपण त्याला घेतो. त्याच्यावर राज्य देत नाही, त्याला बाद करत नाही. तुमच्यातही कुणी असेल तसं. पण बगळ्यांची पोरं एकेकटी उभी राहून मोठी होतात. ती लपंडाव खेळत नाहीत, शिवाशिवी खेळत नाहीत. त्यांना हे कुठून कळणार?

बगळा संघाच्या प्रशिक्षकांकडं गेला. ते एक अस्वल होते, मनानं मऊ.

"सर, ते भेकर कोण?"

"ते होय? तो आमचा कच्चा लिंबू."

"म्हणजे आघाडीला खेळतो की बचावाला?"

अस्वलसरांनी कान खाजवला. "त्याला वाटेल तिकडं."

"आणि तो आला की समोरचे थांबतात?"

"थांबावंच लागतं. त्याला हात लावायचा नसतो."

"आजवर कुणीच नाही लावला?"

"कुणाची छाती आहे? संघ त्याला फाडून खाईल."

"गोल किती करतो?"

"दर सामन्याला एक. जास्त मागत नाही बिचारा."

सर खरं तेच सांगत होते. आणखीही सांगणार होते, पण गवेसरांनी त्यांच्या पायावर आपला पाय ठेवला. गव्याचा पाय पायावर आला की बोलणं आपोआप संपतं.

"हा खेळाडू आमच्या कॉलेजनं घडवलाय," गवेसर म्हणाले. "दुसरीकडं कुठं मिळायचा नाही."

सामना संपल्यावर बगळा ओढ्यावर गेला. भेकर दुखरा पाय पाण्यात सोडून बसलं होतं.

"महाराजांच्या संघात येतोस का?"

भेकर हसलं. "काका, तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं. मी कच्चा लिंबू आहे."

"म्हणून तर आलो."

"अहो, म्हणजे मला खेळता येत नाही. लहानपणी पाय फासात अडकला होता. तरी ही मंडळी मला खेळायला घेतात. मी आलो की बाजूला होतात. माझा गोल झाला की ओरडतात, पण तो मोजत नाहीत. मला हे माहीत नाही असं त्यांना वाटतं. मीही तसंच वाटू देतो. त्यांना किती बरं वाटतं त्यानं, काय सांगू."

बगळ्यानं खाली पाहिलं. ओढ्याच्या पाण्यात त्याला आपला तळ्याचा कोपरा दिसला. वर फांदी दिसली, आणि फांदीवर खंड्या.

मग त्यानं विचारलं, "तू कधी कुणाच्या पायातून चेंडू काढलायस?"

"छे. मी पोचतच नाही तिथवर."

"आणि कुणी चेंडू घेऊन अंगावर आला तर?"

"मी बाजूला होतो. कुणी वाट दिली की कसं छान वाटतं, ते मला ठाऊक आहे ना."

बगळ्याची मान सरळ झाली. "तू चल माझ्याबरोबर."

"पण ते खोटं नाही का होणार, काका?"

"खोटं बोलायचंच नाही. विचारलं तर खरं सांगायचं. फक्त शेवटपर्यंत सांगायची घाई करायची नाही."

भेकरानं मैदानाकडं पाहिलं. "मी गेलो तर ही मंडळी एखादा सामना न थांबता खेळतील," ते म्हणालं. "त्यांचीही हौस आहे हो. चला."

निघताना मुंगूस आडवं आलं. अंगावर धूळ, डोळ्यात आशा. "काका, माझा खेळ कसा वाटला?"

"तुझा होय? मी पाहिलाच नाही," बगळा म्हणाला.

दिवसभरात तो एवढंच खोटं बोलला. मुंगूस तोंड पाडून गेलं. ते झुडपाआड दिसेनासं होईपर्यंत बगळा बघत राहिला.

रविवारी महाराज मैदानावर आले. सगळा दरबार मागं होता. खंड्याही होता.

"काय आणलंत, बगळोबा?"

"कच्चा लिंबू, महाराज."

प्रधान होते एक साळिंदर. त्यांनी जाणत्यासारखी मान हलवली. "वा. कच्चा लिंबू. हल्ली मिळतात कुठं."

"पण हे तर लंगडतंय," खंड्या म्हणाला.

"कच्चे लिंबू लंगडतातच," प्रधान म्हणाले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण दरबारात माहीत नाही म्हणायची रीत नव्हती.

महाराजांनाही ती रीत लागू होती. ते म्हणाले, "मला माहीतच आहे. पण या सगळ्यांना कळावं म्हणून सांगा, बगळोबा. कच्चा लिंबू म्हणजे नेमकं काय?"

बगळ्यानं एकदा तळ्याकडं पाहिलं. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत त्यानं सांगितलं.

"महाराज, कच्चा लिंबू म्हणजे ज्याच्या अंगाला कुणी हात लावत नाही. तो आला की सगळे वाट सोडतात. त्याच्या पायातून कुणी चेंडू काढत नाही. त्यानं चेंडू मारला की गोलकीपर बाजूला होतो. गोल झाला की दोन्हीकडचे ओरडतात. आणि तो कधीच बाद होत नाही."

इथं तो थांबला. आणखी एक वाक्य चोचीत होतं. ते त्यानं मासा गिळावा तसं गिळलं.

मैदानावर कुणी हलेना. दर रविवारी काय चालतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. संघ आपापल्या पायांकडं बघत राहिला. गोलकीपर होता रेडा. त्याला घाम फुटला.

महाराज विचार करत राहिले. कपाळावर आठी चढली, उतरली. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखा."

"अगदी हुबेहूब, महाराज."

महाराजांचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मला वाटायचं, असा मी एकटाच आहे."

मग ते दोघं खेळले. महाराज चेंडू घेऊन आले, भेकर मनापासून बाजूला झालं. भेकर चेंडू घेऊन आलं, तेव्हा महाराजांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याला वाट दिली. बरोबरीच्याला मान द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. चेंडू रेषेवर दमून थांबला. रेड्यानं सवयीप्रमाणं शेपटी चालवली. गोल झाला आणि सगळं जंगल ओरडलं. मोजला मात्र कुणीच नाही.

त्या संध्याकाळी महाराजांनी दवंडी पिटवली. यापुढं त्यांना वनराज म्हणायचं नाही, आद्य कच्चा लिंबू म्हणायचं. दुसऱ्या दिवसापासून दरबारात रोज घोष होऊ लागला, "कच्चा लिंबू महाराजांचा विजय असो." प्रधान सगळ्यात मोठ्यानं ओरडत. भेकर महाराजांच्या शेजारी बसे. न्याहारीच्या वेळी सुरुवातीला ते जरा सरकून बसत असे. पुढं पुढं तेही करीनासं झालं.

बगळ्याचा कोपरा राहिला. खंड्यानं सूर मारणं सोडलं आणि एका पायावर उभं राहायचा सराव सुरू केला. तो सारखा पाण्यात पडायचा. बगळा त्याला हसला नाही. उलट मासे कुठून येतात, ते त्यानं दाखवलं.

तिकडं कॉलेजात गवेसरांनी कच्च्या लिंबांचा वेगळा वर्ग काढला. लांबलांबच्या जंगलांतून धडधाकट पोरं लंगडत येऊ लागली. मुंगसानंही नाव दिलं होतं. पण परीक्षेत चेंडू जाईल तिथं ते आधीच उभं असायचं. गवेसरांनी त्याला नापास केलं.

मग ते आपलं वडामागच्या उघड्या जागेवर खेळत राहिलं. अस्वलसर अधूनमधून बघायला जात. तिथं महाराज कधी यायचे नाहीत, त्यामुळं मुंगूस अजून जिवंत आहे आणि फार सुंदर खेळतं, असं ऐकतो.

तात्पर्य : मुलांनो, अंगी गुण नसेल तर खचून जाऊ नये. त्याला एखादं नाव द्यावं आणि वर चढावं. पण दुर्दैवानं गुण असलाच, तर एखादा खरा पारखी गाठावा. तो आपल्याला नाकारील.