इंदूताईंच्या वड्यांचं पाकीट

भास्करराव ढोमणे आमच्याकडे आले की बायको बिस्किटं बशीत काढून आणते, आणि ते बशीकडे ढुंकूनही बघत नाहीत. "बिस्कीट राहू द्या वहिनी, पाकीट आणा," म्हणतात. मग पाकीट खिडकीशी नेऊन उलटसुलट बघतात आणि तोंड वाकडं करतात. "लाल जास्त झाला. मिरचीचं वाटून राहिलं."

तात्यापारा या मोहल्ल्यात त्यांचं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि भिंतभर रिकामी पाकिटं. पापड, मसाले, अगरबत्ती बनवणारे लोक त्यांच्याकडून पाकिटाचं डिझाइन करून घेतात. माल नंतर बोलतो, आधी पाकिटानं हाक मारली पाहिजे, असं ते प्रत्येकाला ऐकवतात. पाकीट फाडायच्या जागेबद्दल तर फारच हळवे. एका लग्नात एक म्हातारे गृहस्थ बडीशेपेची पुडी दातानं फाडताना दिसले. भास्करराव जेवण सोडून उठले आणि त्या पुडीशी काही संबंध नसताना तिच्या वतीनं माफी मागून आले.

घरी ते आणि थोरली बहीण इंदूताई, दोघंच. लग्न दोघांनीही केलं नाही. ताई थंडीत गच्चीवर वाटलेल्या डाळीत कोहळ्याचा कीस कालवून वड्या घालायच्या. इकडे कोहळ्याला रखिया म्हणतात आणि या वड्यांना रखिया बरी. रश्श्यात टम्म फुगायच्या, पण फुटायच्या नाहीत. अख्खा मोहल्ला त्या वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून विकत न्यायचा.

ती पुडी भास्कररावांना सहन होईना. त्यांनी झकास पाकीट केलं. हिरवा काठ, आतला माल दिसावा म्हणून पारदर्शक पट्टी, वर हसऱ्या गोऱ्या बाईचं चित्र आणि नाव 'राजरानी बरी'.

ताईंनी एवढंच विचारलं, "माझं नाव टाकशीन का रे कुठं? मागं, बारीक अक्षरात चालन."

त्यांनी समजावलं, की इंदू ढोमणे या नावाला गिऱ्हाईक थांबत नाही, आणि मागं तर वड्या शिजवायची कृती आहे, जागाच उरली नाही. ताई बरं म्हणाल्या.

पाकीट चाललं. तेलीबांध्याच्या दुकानांतून मागणी आली. तिथल्या तलावाजवळ प्रदर्शन भरलं, त्यात भास्कररावांनी टेबल घेतलं. मीही मदतीला होतो. एका बाईनं चित्रावर बोट ठेवून विचारलं, "ये दीदी बनाती हैं?" विक्रीच्या भरात भास्करराव हसून हो म्हणाले. मागं ताई पाकिटं भरत होत्या. त्यांचे हात जरा थांबले, मग पुन्हा चालू झाले.

पुढच्या थंडीत ताईंनी डाळ भिजवली नाही. खांदा दुखतो म्हणाल्या. भास्कररावांनी तेलं आणली, डॉक्टर केले. त्याच्या पुढच्या थंडीतही तेच. दुकानदार विचारून विचारून थकले. शेवटी भास्करराव फार मागं लागले, तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "त्या पाकिटावरच्या बाईले सांग ना बनवाले."

भास्कररावांनी दुकान बंद ठेवून नवं पाकीट केलं. बाई गेली, राजरानी गेली. मोठ्या अक्षरांत फक्त 'इंदूताईंच्या वड्या'. ते ताईंच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा मी तिथंच होतो. ताईंनी नावावरून हात फिरवला.

"सुंदर झालं रे. पण आता खांदा खरंच उचलत नाही. तेव्हा उचलत होता."

पाकीट कसं झालं, हे त्या दिवशी भास्कररावांनी मला विचारलं नाही.

गेल्या थंडीत मी त्यांच्या गच्चीवर गेलो, तर भास्करराव उकिडवे बसून प्लास्टिकवर वड्या घालत होते. ताई उन्हात खुर्चीवर. एक वडी दुसरीसारखी नव्हती, काही तर पार पसरल्या होत्या.

"भास्कर, या माझ्या नावानं इकू नको बरं," ताई म्हणाल्या.

"हव ताई."

मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोहळा अजून पिळू का?"

"थोडा," ताई म्हणाल्या, आणि खुर्ची जरा जवळ ओढून घेतली.