आगाशे सरांची टीम

पालघरच्या आमच्या कॉलेजात तर्कशास्त्राचे आगाशे सर सुपाऱ्यांवर फुटबॉल शिकवायचे. खानावळीच्या टेबलावर अकरा सुपाऱ्या मांडायच्या, अडकित्ता म्हणजे समोरचा गोलकीपर, आणि मग तासभर सुपाऱ्या सरकवत बसायचं. आम्ही जांभया देत बघत उभे. आमच्या पायाला चेंडू लागायचा नाही. सरांच्या तर जन्मात लागला नव्हता.

ते कोच झाले ते आमच्या नशिबाने. साठीच्या दशकातली गोष्ट. कॉलेज नवं, खेळाचे सर वर्षाच्या सुरुवातीलाच नोकरी सोडून गेलेले. तर्कशास्त्र घेतलेले विद्यार्थी दोनच, म्हणजे रिकामा वेळ फक्त आगाशे सरांना. प्रिन्सिपॉलांनी त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली. सरांनी पुण्याहून फुटबॉलवरचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं आणि आठ दिवसांत, या विषयात आपल्याला कळायचं काही उरलेलं नाही अशा थाटात मैदानावर आले. धोतर, कोट, शिट्टी.

प्रत्येक वाक्याआधी ते शिट्टी फुंकत. आम्हा पोरांना 'मिस्टर' म्हणत. मी राऊत, केळव्याच्या वाडीवाल्यांचा.

"मिस्टर राऊत, तुम्ही तिथे का उभे आहात?"

"चेंडू इकडे येणार सर, म्हणून."

"ते चेंडूचं चेंडू बघेल. तुम्ही पुस्तकाप्रमाणे उभे राहा." आणि शेवटी ठरलेलं, "हे उघड आहे."

उघड होतं ते एवढंच, की आमची टीम म्हणजे जगन तांडेल. सातपाटीच्या कोळ्यांचा, वाळूत अनवाणी खेळून तयार झालेला. सरांनी त्याला बूट घालायला लावले. पहिल्याच मॅचला हाफटाइममध्ये त्याने ते काढून फेकले आणि तीन गोल मारले. दुसऱ्या दिवशी सरांनी सुपाऱ्या मांडून ते तिन्ही गोल आपल्याच योजनेतून कसे निघाले ते सिद्ध केलं. त्या वर्षी आम्ही जिंकतच गेलो आणि दर मॅचनंतर सरांची मान आणखी ताठ होत गेली. स्टाफरूममध्ये ते "माझी टीम" म्हणायला लागले. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

फायनल वसईला होती. आदल्या दिवशी जगनने मला बाजूला घेतलं. "मी नाय येत उद्या. आय तापानं फणफणलीय. बाबा बोटीवर. सकाली म्हावरा आला तर सुकत घालनार कोन? बोंबील थांबतो काय?"

मी सरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "घरी आणखी कोण असतं?" असं विचारलं.

"एक म्हातारी आत्या आहे."

"मिस्टर तांडेल येतील. हे उघड आहे."

सातपाटीचा रस्ता लागला की नाकाला रुमाल लावणारा हा माणूस. याला बोंबील काय कळणार, असं पुटपुटत मी परत फिरलो.

सकाळी जगन स्टेशनवर आला, सरांच्या सायकलवर. सर मात्र नव्हते.

"नाय येत ते," जगन म्हणाला आणि पुढे तोंड उघडेना. आम्ही आमचा अर्थ लावला. हरलो तर तोंड दाखवायला नको म्हणून कोच घरी बसला. वसईपर्यंत आम्ही त्यांच्या नकला करत गेलो. सगळ्यात जास्त मी केल्या. जगन तेवढा हसत नव्हता.

दोन-एकने जिंकलो. दोन्ही गोल जगनचे, दुसरा तर मॅच संपता संपता. शील्ड घेऊन पालघरला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"आदी आमच्याकडे चला," जगन म्हणाला. तो सायकलवर पुढे, आम्ही एसटीने मागून.

जगनच्या घरामागे वाळूत आडव्या बांबूंच्या रांगा होत्या. त्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. आणि मधोमध आगाशे सर, धोतराचा काचा मारून. बोंबलाच्या बारीक दातांनी त्यांची बोटं रक्ताळली होती.

आत्या रिकाम्या पाटीपाशी बसली होती. "तुमचा मास्तर पाटेपासून हाय," ती म्हणाली. "पयले शंभरेक तर उलटेच टांगले त्यानं. पन हलला नाय. मदीमदी आत जाऊन वयनीला पेज पाजतो. त्याची आय आजारी व्हती तवा त्याला जवल बसायला नाय मिलालं, असं सांगत व्हता."

मी शील्ड पुढे केली आणि मोठ्याने म्हणालो, "सर, जिंकलो आपण."

"हळू, मिस्टर राऊत. आईंना आत्ताच डोळा लागलाय." हातातली जोडी त्यांनी बांबूवर टाकली आणि ते वाळूत बसले. "आता सांगा. पहिल्यापासून सांगा."

आम्ही त्यांच्याभोवती उकिडवे बसलो आणि अख्खी फायनल त्यांना कुजबुजत सांगितली. दुसरा गोल मी सांगितला. सांगताना माझा आवाज चढला, तसं त्यांनी दाराकडे पाहिलं. आत कोणी जागं झालं नव्हतं.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.